ताठ उभ्या भाताचा माणूस

कोकणातल्या एका शाखेत मी पीककर्जाचे काम पाहत होतो, तेव्हाची गोष्ट. ऐन कापणीच्या तोंडावर पाऊस कोसळला आणि उंच वाढलेले भात खाचरात लोळले. बांधावर बसलेला म्हातारा शेतकरी काहीच बोलत नव्हता. लोळलेल्या लोंब्यांना पाण्यात कोंब फुटतात, हे मला तेव्हा कळले. कर्जाची मुदत वाढवून देणे एवढेच माझ्या हाती होते.

पुढे हेन्री बीचेल यांच्याविषयी वाचताना तोच बांध डोळ्यांपुढे आला. १९०६ साली अमेरिकेतील नेब्रास्कात जन्मलेल्या बीचेल यांनी १९३१ पासून टेक्ससमध्ये बत्तीस वर्षे भाताच्या जाती सुधारल्या. मग १९६३ साली, आमच्यासारखे नोकरदार प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब मांडू लागतात त्या वयात, ते फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत दाखल झाले.

तिथला पेचही बांधावरचाच होता. उंच भाताला खत घातले की काडी वाढे आणि भार न पेलून रोप आडवे होई. पीटर जेनिंग्ज यांनी १९६२ मध्ये इंडोनेशियाच्या उंच 'पेटा'चा तैवानच्या बुटक्या 'डी-जिओ-वू-जेन'शी संकर केला होता. त्या संततीतून बीचेल यांनी २८८व्या ओळीतले तिसरे रोप निवडले. ते बुटके, जाड काडीचे, भरपूर फुटव्यांचे होते. पाने उभी, म्हणून ऊन खालपर्यंत पोचे. जुन्या जातींत रोपाच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा दाणा असे. इथे तो जवळजवळ निम्मा झाला. १९६६ साली हीच जात 'आयआर-८' म्हणून बाहेर पडली. संस्थेच्या चाचणीत तिने हेक्टरी नऊ टनांवर उतारा दिला.

दोष होतेच. शिजलेला भात निवला की टणक होई, कीडही लवकर पडे. म्हणून तिच्यापासून पुढच्या जाती काढाव्या लागल्या. कटकला निघालेली 'रत्ना' त्यांतलीच. ती कोकणातही पोचली. आमच्या म्हाताऱ्याने मात्र जुने उंच वाणच लावले होते, कारण गुरांना लांब पेंढा हवा. त्याचा हिशेबही खोटा नव्हता.

बीचेल यांना नव्वदाव्या वर्षी, १९९६ मध्ये, गुरुदेव खुश यांच्यासह जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००६ साली, शंभरी गाठून, ते गेले. निवृत्तीनंतर मी कादंबरी लिहायला बसलो, तेव्हा आता उशीर झाला, असे घरातलेच म्हणत. मला ती २८८वी ओळ आठवे. बीचेल तिच्यापाशी पोचले, तेव्हा त्यांची एक नोकरी पुरी संपली होती.