लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६, पुणे) हे मराठी यंत्रनिर्माते, उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. बेळगाव येथील सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय पुढे लोखंडी नांगर, पंप, यंत्रहत्यारे आणि तेलइंजिने यांच्या निर्मितीपर्यंत पोहोचला. ओसाड माळावर त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी ही भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते.

शिक्षण व अध्यापन

शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. चित्रकला आणि यंत्रे या दोन गोष्टींची मात्र त्यांना लहानपणापासून ओढ होती. चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. रंगकाम सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला. ज्यात रंगांची गरज नाही, केवळ मापाची आणि रेषेच्या अचूकतेची गरज आहे, अशी ही विद्या त्यांच्या पुढील आयुष्याचा आधार ठरली.

यानंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना अध्यापकाची नोकरी मिळाली. तेथील कार्यशाळेत यंत्रे उघडणे, बिघाड शोधणे व पुन्हा जोडणे हे काम ते स्वतःच्या हाताने शिकले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यामुळे त्यांनी ही नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

सायकलीचे दुकान

१८८८ मध्ये लक्ष्मणरावांनी आपले थोरले बंधू रामचंद्र तथा रामूअण्णा यांच्यासह ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने व्यवसायास आरंभ केला. नोकरीच्या काळात लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायला शिकवत. सायकल त्या काळी महाग व अपूर्व वस्तू होती. विकलेली सायकल बिघडली, तर ती दुरुस्त करणारा माणूस गावातच असणे आवश्यक होते. त्यामुळे विक्रीबरोबर दुरुस्तीचे कामही दुकानाकडे आले.

लोखंडी नांगर

बेळगाव येथे लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करण्यास सुरुवात केली. पारंपरिक लाकडी नांगर काळ्या जमिनीत खोल जात नसे आणि हरळीची मुळे तशीच राहत. लोखंडी नांगराने हे काम होत असले, तरी लोखंडामुळे जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांमध्ये रूढ होता. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

किर्लोस्करवाडी

नव्या वसाहतीसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितल्यावर लक्ष्मणरावांसमोर मोठे संकट उभे राहिले. त्याच सुमारास औंध येथे सभामंडप बांधण्याच्या कामाच्या निमित्ताने त्यांचा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी संबंध आला होता. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन व भांडवलासाठी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेला हा माळ साफ करून १९१० मध्ये कारखाना उभा राहिला. ही वसाहत किर्लोस्करवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जात नसे, तसेच शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींनाही काम दिले जाई.

पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आयात घटल्याने कारखान्याच्या मालाला मागणी वाढली. मात्र कच्चे लोखंड व कोळसा यांची टंचाई निर्माण झाली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली पुढे मराठीतील महत्त्वाचे मासिक ठरले.

तेलइंजिन व घरगुती दुरुस्ती

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९४६ मध्ये पुण्याजवळील खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. जेथे वीज पोहोचली नव्हती, तेथे डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाने पंप, पिठाची गिरणी आणि भातगिरणी चालवणे शक्य झाले.

असे इंजिन कारखान्यापासून दूर, विहिरीच्या काठी चालते. त्यामुळे त्याची बहुतेक दुरुस्ती शेतकरी किंवा गावातील मिस्त्री यांनाच करावी लागते. तेलाची गळती हा त्यातील नेहमीचा दोष होय. गळतीकडे दुर्लक्ष झाल्यास तेलाची पातळी घटते, बेअरिंग व पिस्टन यांना वंगण मिळत नाही आणि इंजिन जाम होते. पिकाला पाणी देण्याच्या ऐन दिवसांत असे घडल्यास हंगामाचे नुकसान होते.

तेल जेथे ठिबकते तेथेच गळती असते असे नाही. ते खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. म्हणून इंजिन प्रथम थंड असताना रॉकेलने पुसून कोरडे करतात व संशयित सांध्यांवर खडूची पूड लावतात. मग काही वेळ इंजिन चालवून पूड सर्वांत वर कोठे ओली झाली, हे पाहतात. बोल्ट सैल असल्यास ते समोरासमोरच्या क्रमाने, सारख्या जोराने आवळले जातात; एकच बाजू अधिक आवळल्यास पॅकिंग फाटते. कडक झालेले पॅकिंग व ऑइल सील बदलावे लागते. क्रँककेसमधील हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तुंबली असल्यास आतील दाब वाढून नवे पॅकिंगही गळू लागते. म्हणून ती आधी तपासणे हितावह असते.

अखेरचा काळ व स्मृती

किर्लोस्कर समूहाचा विस्तार लक्ष्मणरावांच्या हयातीतच हरिहर, बंगळूर व पुणे येथे झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट प्रसिद्ध केले. बेळगावातील किर्लोस्कर रोड आणि किर्लोस्करवाडी रेल्वे स्थानक यांच्या नावांतून त्यांच्या कुटुंबाची स्मृती कायम आहे.