काट्याऐवजी धागा : विलेम आइंटहोव्हेन

हिंदी सिनेमात हीरोची आई आयसीयूत असली की पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत असते आणि मग एकदम सरळ होते. ईसीजीशी माझी ओळख इथपर्यंतच होती. थर्ड इयरला बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन घेतलं तेव्हा सरांनी तीच रेघ बोर्डावर काढली आणि तिच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं दिली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं की मग ए, बी, सी, डी कुठे गेले? सर म्हणाले, शोधा. आता सबमिशनच्या दिवसांत कोण शोधणार! पण मला तो प्रश्न काही सोडेना, आणि लायब्ररीत शोधता शोधता एक डच डॉक्टर हाती लागला. गंमत म्हणजे ए, बी, सी, डी खरोखरच होते. ते पुढे येईलच.

विलेम आइंटहोव्हेनचा जन्म २१ मे १८६० चा, जावा बेटावरच्या सेमारांग गावचा. आज ते इंडोनेशियात आहे, तेव्हा डच वसाहत होती. वडील डॉक्टर. विलेम सहा वर्षांचा असताना ते वारले, आणि १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला आली. १८७८ मध्ये पोरगा तिथेच मेडिकलला गेला. तो काही पुस्तकी किडा नव्हता. जिम्नॅस्टिक्स, तलवारबाजी, होड्या वल्हवणं, सगळ्यात पुढे. एकदा जिम्नॅस्टिक्स करताना मनगट मोडलं. आपण अशा वेळी मेडिकल सर्टिफिकेट जोडून अटेंडन्सचं बघतो. याने हात कसा फिरतो याचाच अभ्यास सुरू केला आणि कोपराच्या सांध्यावर निबंध लिहिला! १८८५ मध्ये डॉक्टरेट झाली आणि पंचविसाव्या वर्षी लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमणूक मिळाली. १८८६ पासून मरेपर्यंत तो तिथेच होता.

आता मूळ विषय. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे आधी विजेची एक लाट आणि मग स्नायूचं आकुंचन. ही लाट शरीरातून पसरत हातापायांच्या कातडीपर्यंत येते, पण तिथे उरतो जेमतेम एक मिलिव्होल्ट. आज आपण इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर लावून मोकळे होतो. त्या काळात ॲम्प्लिफायर नावाची वस्तूच नव्हती. तरीही १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयाची ही लाट शरीराबाहेरून टिपून दाखवली. त्याचा जिमी नावाचा बुलडॉगही या प्रयोगांत असायचा. पाय मिठाच्या पाण्यात ठेवून शांतपणे उभा! १९०९ मध्ये जिमीच्या एका जाहीर प्रात्यक्षिकावरून तर कुत्र्याचा छळ होतो की काय, असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटमध्ये आला होता. वॉलरचं काम आइंटहोव्हेनने १८८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या परिषदेत पाहिलं आणि तो या नादाला लागला.

वॉलरचं उपकरण होतं कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर. बारीक काचनळीत पारा आणि त्याला टेकलेलं सल्फ्युरिक ॲसिड. व्होल्टेज बदललं की पृष्ठताण बदलतो, पाऱ्याची कड वरखाली होते, आणि तिची सावली सरकत्या फोटोप्लेटवर घ्यायची. कल्पना झकास, पण पारा आळशी. सिग्नल पुढे निघून जातो आणि हा मागून रांगत येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर फर्स्ट ऑर्डर सिस्टिम, टाइम कॉन्स्टंट मोठा. त्यात प्रयोगशाळेबाहेर दगडी रस्ता. घोडागाडी गेली की पारा थरथरायचा. आइंटहोव्हेनने म्हणे जमिनीत खोल खड्डा खणून त्यात मोठमोठे दगड भरले आणि त्यावर उपकरण ठेवलं.

अशा उपकरणातून जी रेघ आली तिच्यावर त्याला चार चढउतार दिसले. त्यांना त्याने नावं दिली ए, बी, सी, डी. (सापडले एकदाचे!) पण ही रेघ हृदयाची नसून हृदय अधिक पारा यांची आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्याने आधी पाऱ्याचा आळस मोजला. पाऱ्याची कड ज्या क्षणी जितक्या वेगाने सरकते, त्या प्रमाणात ती खऱ्या व्होल्टेजच्या मागे आहे. म्हणजे रेघेवरच्या प्रत्येक बिंदूपाशी चढ मोजायचा, त्याला एका स्थिरांकाने गुणायचं आणि मूळ वाचनात मिळवायचं. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण आउटपुटवरून इनपुट काढतो ना, तेच, पण हाताने. या हिशेबातून एक वेगळीच, टोकदार रेघ तयार झाली आणि तिच्यात पाच चढउतार निघाले. जुनी अक्षरं जुन्या रेघेला राहू दिली आणि १८९५ मध्ये नव्या रेघेला नावं दिली पी, क्यू, आर, एस, टी. पी पासूनच का, याचे वेगवेगळे तर्क आहेत. मला पटतो तो साधा तर्क : बाराखडीच्या मधून सुरुवात केली की पुढे-मागे आणखी काही सापडलं तरी अक्षरं शिल्लक राहतात. आणि खरंच, पुढे टी नंतर यू सापडला.

हे वाचून मी जरा थांबलो. पेपर पब्लिश झाला, रेघ मिळाली, नावं मिळाली. आणखी काय हवं? पण प्रत्येक पेशंटमागे इतकं गणित कोण करत बसणार? आणि हिशेबाने काढलेली रेघ खरी कशावरून? या दोन्हींवर उपाय एकच होता. जे गणिताने काढलं तेच सरळ काढून दाखवणारं यंत्र बनवायचं.

नेहमीच्या गॅल्व्हॅनोमीटरमध्ये तारेचं वेटोळं असतं. वेटोळ्याला वजन, वजनाला जडत्व. आइंटहोव्हेनने वेटोळंच काढून टाकलं. एका ताकदवान इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसवला फक्त एक धागा. क्वार्ट्झचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला आणि केसापेक्षा कितीतरी पट बारीक. असा धागा काढायची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. क्वार्ट्झ वितळवायचं, त्याला बाण चिकटवायचा आणि बाण सोडायचा! बाण पलीकडे जाईपर्यंत मागे धागा तयार. (ही युक्ती मूळची इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ बॉइज याची.) धाग्यातून हृदयाचा प्रवाह गेला की तो चुंबकीय क्षेत्रात किंचित बाजूला सरकतो. आर्क लॅम्पचा झोत टाकून सूक्ष्मदर्शकाने त्याची सावली शेकडो पट मोठी करायची आणि सरकत्या फोटोप्लेटवर घ्यायची. धागा सैल ठेवला तर जास्त हलतो पण सुस्त होतो, ताणला तर चपळ होतो पण कमी हलतो. सेन्सिटिव्हिटी आणि स्पीड ऑफ रिस्पॉन्स, व्हायवाला हमखास विचारतात तो प्रश्न! हे सगळं यंत्र दोन खोल्या भरून होतं. वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, चुंबक थंड ठेवायला पाणी फिरवलेलं आणि चालवायला पाच माणसं. पेशंटने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. १९०१ मध्ये या स्ट्रिंग गॅल्व्हॅनोमीटरचं पहिलं वर्णन छापून आलं आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच्यावर काढलेल्या माणसाच्या रेघा. त्या १८९५ च्या हिशेबाच्या रेघेशी जुळल्या.

माझ्या मते या माणसाचं सगळ्यात मोठं काम ते हेच.

आता ती रेघ वाचायची कशी, ते थोडक्यात. कागद सरकतो सेकंदाला २५ मिलिमीटर. म्हणजे एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच बारीक चौकोनांचा एक मोठा ०.२ सेकंदाचा. उभ्यात १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पी म्हणजे वरच्या दोन कप्प्यांतली लाट, क्यूआरएस म्हणजे खालच्या दोन मोठ्या कप्प्यांतली आणि टी म्हणजे खालचे कप्पे पुन्हा पूर्वस्थितीला येतानाची. पी च्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत साधारण तीन ते पाच बारीक चौकोन आणि क्यूआरएसची रुंदी तीनपेक्षा कमी असावी. दोन आर च्या मध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला त्याने भागा, मिनिटाचे ठोके आले. ठोके नियमित असतील तरच हं.

नसतील तर काय, ते मला गेल्या दिवाळीत कळलं. वडिलांना धडधड होऊन घाम फुटला म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. मी सवयीने चौकोन मोजायला लागलो. दोन मोठे, मग साडेतीन, मग पुन्हा दोन. एकही अंतर दुसऱ्यासारखं नाही. आणि पी तर कुठेच नाही, त्याच्या जागी नुसती थरथर. डॉक्टर म्हणाले की याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. पट्टीचा फोटो पुण्याच्या हृदयतज्ज्ञांना पाठवला आणि पंधरा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. वडील आता बरे आहेत, गोळ्या चालू आहेत.

फोटो पाठवायची ही कल्पनाही आइंटहोव्हेनच्या वेळचीच निघाली. यंत्र काही हलवता येण्यासारखं नव्हतं आणि हॉस्पिटल दीड किलोमीटरवर. मग २२ मार्च १९०५ ला त्याने पेशंटऐवजी सिग्नलच टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणला. पहिला माणूस मात्र ठणठणीत होता. त्याचा आर फार उंच आला तेव्हा कारण काय, तर म्हणे तो प्रयोगशाळेतून हॉस्पिटलला सायकल हाणत गेला होता!

धंद्यात मात्र आइंटहोव्हेनचं फारसं जमलं नाही. म्युनिकच्या एडेलमानने यंत्रं बनवून विकायला घेतली, पण काही काळाने आपण सुधारणा केल्यात म्हणून रॉयल्टी द्यायचं बंद केलं. नंतर केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनी पुढे आली. ती चार्ल्स डार्विनचा मुलगा होरेस याची. लंडनच्या थॉमस लुईसने नाडी पूर्ण अनियमित असलेले पेशंट तपासले आणि १९०९ मध्ये त्यामागे एट्रियल फिब्रिलेशन आहे हे दाखवून दिलं. म्हणजे माझ्या वडिलांचाच आजार.

१९१२-१३ च्या सुमारास आला प्रसिद्ध त्रिकोण. उजवा हात, डावा हात, डावा पाय हे तीन कोपरे, त्यांच्यातली तीन व्होल्टेज म्हणजे लीड एक, दोन, तीन. एक अधिक तीन बरोबर दोन, दर क्षणाला. किरचॉफचा व्होल्टेज लॉ, दुसरं काही नाही. याचा रोजचा उपयोगही आहे. लीड एक पूर्ण उलटी दिसली तर हृदय उजवीकडे असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी हातांच्या वायर्स अदलाबदल झाल्यात का ते बघायचं. मनगटी घड्याळात आज जो ईसीजी निघतो, एका मनगटावर घड्याळ आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यावर, तो लीड एकच. छातीवरच्या लीड्स मात्र नंतरच्या लोकांनी जोडल्या.

१९२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. बातमी आली तेव्हा तो अमेरिकेत व्याख्यानं देत होता. नोबेलच्या भाषणात त्याने लुईसचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. २९ सप्टेंबर १९२७ ला लायडनमध्ये पोटाच्या कॅन्सरने तो गेला. मुलगा इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. बापाचाच धागा निर्वात नळीत बसवून त्याने तो बिनतारी संदेशांसाठी वापरला, आणि पुढे जावातल्या बांडुंगला रेडिओ प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

एक गोष्ट राहिली. हे यंत्र उभं करताना फान डेर वूर्ट नावाचा सहायक वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर होता. नोबेलचे पैसे आले तेव्हा आइंटहोव्हेनला ते त्याच्याबरोबर वाटून घ्यायचे होते. चौकशी केली तर तो वारला होता. दोन बहिणी मागे होत्या, एका आश्रमात हलाखीत दिवस काढत होत्या. आइंटहोव्हेन आगगाडीने त्यांच्याकडे गेला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांना देऊन आला, असं सांगतात.