पंडिता रमाबाई आणि इब्र्यांचा अधोलोक

जुन्नर-आंबेगावकडील वाचकहो, आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांनी इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. प्राचीन इब्री लोक मृतांच्या स्थानास शओल म्हणत. नीतिमान व दुष्ट दोघेही तेथेच उतरत. दीर्घायुष्य, संतती व भूमी हेच देवाचे प्रतिफळ, अशी त्यांची समजूत. मृत पुन्हा उठतील ही आशा स्पष्टपणे दानीएलाच्या ग्रंथातच दिसते.

बाईंचे आईबाप दुष्काळात गेले, मागून भाऊ, १८८२ साली पती. मग त्यांस आम्ही प्रतिफळावाचून राहिलेल्या म्हणावे काय? १९२१ साली एकुलती कन्या मनोरमाही वारली. तरी बाईंनी लेखणी ठेविली नाही. काम पुरे होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या निवर्तल्या.