ससाणे मळ्यातला दवाखाना

3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती आपल्याकडे दरवर्षी साजरी होते. मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवे कुंकू रेखून भाषणे करतात. भिडे वाड्यातली शाळा, रस्त्यात अंगावर पडलेले शेण, पिशवीतले दुसरे लुगडे, हे सगळे आता लहान मुलांनाही पाठ आहे. 10 मार्चला मात्र काही होत नाही. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात आणि आम्हा बँकवाल्यांना वर्षअखेरीशिवाय दुसरे काही सुचत नाही. निवृत्त होऊनही ती सवय गेलेली नाही. पण 10 मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन, आणि त्या कशा गेल्या हे त्यांच्या शाळेइतकेच सांगण्यासारखे आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो आणि उभा जन्म खातेवह्यांत गेला. त्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना माझे लक्ष आधी एका गोष्टीकडे जाते. काम केले हे ठीक, पण पैसे कोणी भरले?

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. 1840 मध्ये जोतीराव फुल्यांशी लग्न झाले. घरीच शिक्षण झाले आणि 1848 पासून मुलींच्या शाळेचे काम सुरू झाले. पुढे 1863 मध्ये फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. तिथे जन्मलेला एक मुलगा या जोडप्याने दत्तक घेतला, तो यशवंत. 1868 मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला झाला. हा भाग सर्वांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो.

या सगळ्याला पैसा लागत होता. शाळांना सरकारची थोडी मदत आणि लोकांच्या देणग्या होत्या, पण पुढच्या कामांत फुले कुटुंबाचा स्वतःचा हात मोठा होता. जोतीराव नुसते समाजसुधारक नव्हते, चांगले व्यावसायिक होते. पुण्याच्या एका कंत्राटी कंपनीत त्यांची भागीदारी होती, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला. मिळकत येत होती आणि समाजाच्या कामात जात होती. शिल्लक टाकण्याची वृत्ती दोघांचीही नव्हती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर असा खातेदार कर्ज मागायला आला असता तर आम्ही दहा प्रश्न विचारले असते.

1876-77 चा दुष्काळ सावित्रीबाईंनी जुन्नरकडच्या भागात फिरून डोळ्यांनी पाहिला. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना त्याबद्दल पत्र लिहिले. उपाशी मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम उघडला, तिथे त्या राबल्या. मला वाटते, संकट आले की आधी माणूस उचलायचा आणि मग हिशेब बघायचा, ही सवय त्यांना त्या वर्षी लागली असावी.

त्याच सुमारास, 1876 मध्ये, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद झाले आणि पुढची काही वर्षे ते तिथे होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. विरोधात मत देणारे एकटे जोतीराव. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. नंतर मोठी मंडई बांधायचे ठरले, तेव्हाही एवढा पैसा इमारतीत घालण्याला त्यांनी हरकत घेतली. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. पुण्याला गेलो की मंडईच्या त्या मनोऱ्याखाली उभे राहून मला हसू येते.

1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. मिळकत थांबली, खर्च थांबला नाही. मामा परमानंदांनी 1890 मध्ये आपल्या बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना या कुटुंबाच्या अवस्थेबद्दल कळवले आणि दरबाराकडून मदत गेली. वडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ठाऊक असायला हवे. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले आणि पुढे चालू लागल्या. 1893 मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

यशवंतराव डॉक्टर झाले आणि लष्करात नोकरीला लागले. त्यांचे लग्न 1889 मध्ये हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झाले होते. ती सून 1895 मध्ये वारली. घरात सावित्रीबाई एकट्या उरल्या.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले. काही महिन्यांत साथ पुण्याला पोचली. कडक ताप, काखेत किंवा जांघेत गाठ, आणि बहुतेक रोगी काही दिवसांत दगावत. रोगाचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरांच्या पिसवांमधून माणसात येतो हे 1898 पर्यंत कोणी दाखवून दिलेले नव्हते. हाफकिनने 10 जानेवारी 1897 ला भायखळ्यात आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यातल्या सामान्य माणसापर्यंत ती पोचायला अजून अवकाश होता. थोडक्यात, औषध नव्हते. रोग्याला घरातून हलवायचे, मोकळ्या हवेत ठेवायचे, पाणी-पेज द्यायची आणि वाट बघायची.

4 फेब्रुवारी 1897 ला सरकारने साथरोगांचा कायदा केला. तो जेमतेम दीड-दोन पानांचा आहे आणि परवा कोरोनातही तोच वापरला गेला. मी तेव्हा तो मुद्दाम शोधून वाचला. माणसांना तपासण्याचे, वेगळे काढण्याचे, प्रवासात अडवण्याचे अधिकार त्यात आहेत. खर्चाबद्दल मात्र एवढेच आहे की तो कोणी आणि कसा भागवायचा ते सरकार ठरवील. अधिकार आजपासून सुरू आणि तरतूद नंतर बघू, असे परिपत्रक आमच्याकडेही कधी कधी येत असे. शाखेत त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा.

पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले मोठे रुग्णालय 1867 पासून होते. पण मुंढव्याच्या महारवाड्यात तापाने फणफणलेल्या पोराला तिथे कोण नेणार? गाडीवान प्लेगच्या रोग्याला शिवायला तयार नव्हते. शेजारी दार लावून घेत. रोगी आणि खाट यांच्यामधले जे अंतर आहे, ते पार करण्याची व्यवस्थाच नव्हती.

सत्यशोधक मंडळींनी आपापल्या जागी जे जमेल ते केले. मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय काढले, आणि 9 फेब्रुवारी 1897 ला ते स्वतः प्लेगनेच गेले. सावित्रीबाईंना ही बातमी नक्कीच कळली असणार. प्लेगच्या रोग्यात वावरणाऱ्याचे काय होते हे त्यांना आता कोणी सांगायची गरज नव्हती.

यशवंतराव पुण्यात आले आणि हडपसरला सासऱ्यांच्या, म्हणजे ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना सुरू झाला. गावाबाहेरची मोकळी जागा, त्यात रोग्यांची सोय. जागा सोयऱ्यांची, डॉक्टर घरचा, शुश्रूषेला आई. खर्च त्या घराचाच. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी शोधायला वस्त्यांत जात आणि त्यांना मळ्यात घेऊन येत. नेणारे कोणी मिळाले नाही तर स्वतः उचलून आणत.

इथे थोडे माझ्या अनुभवाचे सांगतो, विषयांतर वाटले तरी. निवृत्तीनंतर एका धर्मादाय संस्थेचे हिशेब मी बघत असे. एका दात्याने संस्थेला रुग्णवाहिका दिली. दोन्ही बाजूंना आईवडिलांची नावे रंगवली, नारळ फुटला, फोटो निघाले. दीड वर्षात ती गाडी आवारात उभी राहून टायर बसले. कारण साधे होते: चालकाचा पगार, डिझेल, विमा आणि रात्रपाळी यांसाठी कोणी पैसे द्यायला तयार नव्हते. भांडवली खर्चाला देणगीदार मिळतो, त्याचे नाव लागते. महसुली खर्च दर महिन्याला पुन्हा उभा राहतो आणि त्याच्यावर कोणाचे नाव रंगवता येत नाही. गुजरातमध्ये 2007 पासून 108 ची सेवा आहे आणि महाराष्ट्रात 2014 पासून. ती टिकली, कारण तिचा रोजचा खर्च सरकारच्या अंदाजपत्रकात दरवर्षी धरलेला असतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांना रात्री दीड वाजता छातीत कळ आली, 108 आली आणि त्यांना घेऊन गेली. पैसे कोण देणार हे तिथे कोणी विचारले नाही.

1897 मध्ये तो प्रश्न विचारायलाही कोणी नव्हते. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा प्लेगने आजारी पडला. सावित्रीबाईंना कळले. त्या गेल्या, त्याला पाठुंगळीला घेतले आणि चालत हडपसरच्या मळ्यात आणले. हे अंतर तीन-चार किलोमीटर तरी असेल. मार्चचे ऊन, सहासष्टीचे वय, पाठीवर तापाने निपचित पडलेले मूल. त्याच्या अंगावरच्या कपड्यांतली पिसू केव्हा चावली हे त्यांना कळणेही शक्य नव्हते.

पांडुरंग बरा झाला. सावित्रीबाईंना ताप आला. 10 मार्च 1897 च्या रात्री नऊच्या सुमारास त्या गेल्या.

त्यानंतर तीनच दिवसांनी, 13 मार्चला, रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने लष्करी शिपाई घेऊन पुण्यात घरझडत्या सुरू केल्या. त्यासाठी गोऱ्या पलटणी, खाटा, छावण्या, जंतुनाशके आली, सरकारचा पैसाही आला. पण माणसे ओढून नेल्यासारखी नेली गेली, देवघरे आणि स्वयंपाकघरे तुडवली गेली, आणि लोक रोगी लपवू लागले. पुढे 22 जूनला काय झाले ते सर्वश्रुत आहे. लोकांनी वर्गणी काढून आपली वेगळी प्लेग रुग्णालये चालवली, त्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेतलेले हिंदू रुग्णालयही होते. सरकारी खाटेला घाबरणारा रोगी तिथे मात्र जात असे. मळ्यातल्या दवाखान्यात रोगी येत होते, तेही आणायला येणारी बाई ओळखीची होती म्हणून, असे मला वाटते.

प्लेग त्या वर्षी संपला नाही. पुढची कित्येक वर्षे तो फिरून फिरून येत राहिला. डॉ. यशवंतराव आईच्या मागे आपले काम करत राहिले आणि 1905 मध्ये प्लेगनेच गेले.