पाथरीच्या नातवाची बाग

होस्टेलवर कुणी गाव विचारलं आणि मी 'पाथरी' म्हटलं की समोरचा लगेच साईबाबांचं नाव घेतो. ते ठीकच. पण मित्रांनो, आमच्या पाथरीचं आणखी एक नातं आहे, अहमदनगर शहराशी (2024 पासून अहिल्यानगर). हे शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते!

फिरिश्ता या इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. पाथरीच्या या घराण्यातल्या भैरवाचा मुलगा तिमाप्पा विजयनगरच्या मुलखात असताना बहामनी फौजेच्या हाती लागला. तो गुलाम झाला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने बिदरच्या राजवाड्यात वाढला. पोरगा हुशार होता. चढत चढत थेट राज्याचा वजीर झाला. बापाच्या नावावरून तो 'बहिरी' म्हणवला जाई, असं एक मत आहे. मात्र महमूद गावानसारख्या कर्तबगार माणसाला 1481 साली ज्या कारस्थानाने संपवलं त्यात त्याचा हात होता, हेही सांगायला हवं. पुढे 1486 मध्ये बिदरलाच त्याचाही खून झाला.

त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नर भागाचा कारभार पाहत होता. बापाच्या खुनानंतर बिदरशी जमणं शक्यच नव्हतं. त्याला चिरडायला एकामागून एक फौजा आल्या. शेवटची आली जहांगीरखानाची. संख्येने मोठी. अहमदने समोरासमोर लढायचं टाळलं. भिंगारजवळ तळ टाकलेली ती फौज पावसापाण्याचे दिवस म्हणून गाफील होती, खाणंपिणं जोरात चालू होतं. अहमद रातोरात जेऊरच्या घाटातून निघाला आणि मे 1490 च्या त्या पहाटे तळावर तुटून पडला. जहांगीरखान मारला गेला आणि निजामशाही उभी राहिली.

आता गंमत बघा. जिंकल्यावर या माणसाने काय केलं, तर त्याच रणांगणावर बाग लावली! बाग निजाम. आत राहायला वाडा, भोवती भिंत. त्या लढाईलाही पुढे 'बागेची लढाई' असंच नाव पडलं.

दौलताबादचा किल्ला मात्र त्याला हवाच होता. तो काही पडेना, म्हणून दरसाल फौज पाठवून तिथली पिकं कापायची, असं त्याने ठरवलं. जुन्नरहून ते लांब पडे. मग मधली जागा म्हणून 1494 मध्ये सीना नदीकाठी, बागेच्या शेजारीच, शहर वसवायला घेतलं. 1499 मध्ये दौलताबाद हाती आलं. म्हणजे शहराची जागा ठरली ती या हिशेबाने, सौंदर्यासाठी नव्हे.

पण बागेला पाणी लागतं, आणि नगर म्हणजे कमी पावसाचा मुलूख. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. सिव्हिलवाल्यांनी एकदा तरी जाऊन बघावं. फराहबागेतला तलावाच्या मधोमध बांधलेला महाल तर अजून उभा आहे. तो 1583 चा, अहमदच्या वंशजांच्या काळातला.

अहमद रस्त्याने जाताना डावीउजवीकडे पाहत नसे, परस्त्रीवर नजर पडू नये म्हणून, असं फिरिश्ता सांगतो. खरंखोटं तोच जाणे. वारला तेव्हा मुलगा बुऱ्हाण जेमतेम सात वर्षांचा होता.

आणि पाथरी? ती वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पूर्वजांचं गाव म्हणून बुऱ्हाणने ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार आल्यावर 1518 मध्ये लढून घेतली. पुन्हा गेली, पुन्हा घेतली, आणि शेवटी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकली.

बाग निजामच्या जागेवर पुढे हुसेन निजामशहाने दगडी किल्ला बांधला. त्याच किल्ल्यात 1942 ते 1945 पंडित नेहरू कैदेत होते. वेळ जावा म्हणून त्यांनी तिथे फुलझाडांचे वाफे खणायला घेतले, तर कुदळीला लागले दगड आणि जुन्या बांधकामांचे तुकडे.