अंकांचे उपासक : द. रा. कापरेकर

आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवळालीचे नाव जगाच्या गणितात पोहोचविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे पेशाने शाळामास्तर होते. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक लाभले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळालीस अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी नसल्याने अनेक विद्वानांनी त्यांच्या संशोधनास पोरखेळ मानले. तरी पदरमोड करून ते पुस्तिका छापीत राहिले.

१९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही अद्भुत संख्या गवसली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि उत्तरावर तीच क्रिया करीत जावे. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४ येते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच विसावते. तेरीजपत्रकातील फरकास नऊने भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय आपण व्यापारी घेतो. त्याच नियमाने यातील प्रत्येक वजाबाकीसही नऊने भाग जातो.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येस त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३. म्हणजे तीही हर्षदच! मात्र हा गुण लेखनपद्धतीवर अवलंबून असतो. आपल्या दशमान पद्धतीत बारा ही संख्या हर्षद आहे. आठच्या पायावर ती १४ अशी लिहितात. तेथे अंकांची बेरीज पाच होते आणि बाराला पाचाने भाग जात नाही.

डेमलो या रेल्वे स्थानकावरून त्यांनी ‘डेमलो’ संख्यांना नाव दिले. सहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६५४३२१ हा त्यांपैकीच. विशेष म्हणजे नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त हीच अंकमाला गुंफली होती.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते निवर्तले. मानसन्मानाची वाट न पाहता त्यांनी अंकांची उपासना केली. हर्षद म्हणजे हर्ष देणारा. हे नाव त्यांनाही शोभते.