एकटीचा संसार : मीराबेन

काही माणसांची चरित्रे आपण परीक्षेसाठी वाचतो, काहींची वेळ घालवण्यासाठी वाचतो. मीराबेनचे चरित्र मी वाचले ते भीती घालवण्यासाठी. हे वाचून वाचकांना हसू येईल; पण खरे आहे ते सांगितलेच पाहिजे.

आमचे गाव प्रतापगडाच्या परिसरात. गडावर महाशिवरात्रीची जत्रा भरते, त्याच गडाच्या आश्रयाला दर्गा आहे, आणि सभोवार धानाच्या बांध्या, बोड्या आणि जंगल. गावच्या घरात माझी आजी एकटी राहते. आजोबा गेल्याला अकरा वर्षे झाली. वडील नोकरीनिमित्त नागपूरला, मी येथे वसतिगृहात. आजीपाशी एक गाय, एक कालवड, दोन एकर धान आणि घरामागची सांदवाडी. गेल्या भाद्रपदात, पोळा झाल्यावर, आजीला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला न्यावे लागले. गाय कोण पाहणार, हा प्रश्न आला आणि मी मोठ्या फुशारकीने सांगून बसले की मी राहते. सतरा दिवस मी त्या घरात एकटी होते. (त्या दिवसांची माझी गैरहजेरी सरांनी उदार मनाने माफ केली, त्याबद्दल त्यांचे आभार.)

जाताना मी ग्रंथालयातून मीराबेनचे आत्मचरित्र सोबत नेले होते. इंग्रजी पुस्तक, शब्दकोश जवळ घेऊन वाचायचे. पण जिच्याविषयी ते होते ती बाई मला चार दिवसांत शेजारीण वाटू लागली.

मीराबेनचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंडमध्ये. वडील एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातले मोठे अधिकारी, पुढे ॲडमिरल झालेले. वडील सतत समुद्रावर, त्यामुळे मॅडेलिनचे बालपण बरेचसे आजोळी गेले. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात डॉर्किंगजवळ आजोबांची मोठी वाडी होती. तेथे घोडे होते, गाई होत्या, भाजीचे मळे होते, झाडी होती. या श्रीमंत घरच्या मुलीला समारंभांत करमत नसे. तबेल्यात आणि रानात करमे. पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज या आजोळच्या मातीत पडले, असे मला वाटते. वडिलांची नेमणूक हिंदुस्थानच्या बाजूला झाली तेव्हा ती किशोरवयात सुमारे दोन वर्षे मुंबईतही राहिली. पण तेव्हा तिला दिसली ती साहेबांची मुंबई. आपला देश तिला दिसलाच नाही.

तरुणपणी तिला वेड लागले बेथोव्हेनच्या संगीताचे. त्या ओढीने ती बेथोव्हेनच्या जीवनावर लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाला भेटायला स्वित्झर्लंडमध्ये गेली. रोलाँने १९२४ साली गांधीजींवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले होते. ते तिने एका दिवसात वाचून संपवले आणि आपल्याला कोठे जायचे आहे ते तिला कळले. पण ती लगेच धावत सुटली नाही. मला तिचे सर्वांत कौतुक वाटते ते येथे. तिने स्वतःला एक वर्ष दिले. जमिनीवर निजायची, मांडी घालून बसायची, सूत काढायची सवय केली, मांस-मद्य सोडले, उर्दूचे धडे घेतले. आपण वसतिगृहात येताना एवढीदेखील तयारी करीत नाही! ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती अहमदाबादला उतरली आणि साबरमतीला पोहोचली. गांधीजींनी तिला मुलगी मानले आणि नाव दिले मीरा. पुढे त्यांनी केस उतरवले, खादी नेसली, ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी त्या गांधीजींबरोबर लंडनला गेल्या. परत आल्यावर तुरुंगही भोगला. हा सारा इतिहास आपण शाळेत वाचलेला आहे, म्हणून मी तो येथे लांबवीत नाही. मला सांगायचे आहे ते त्यांच्या झोपड्यांविषयी.

ही कथा आपल्या विदर्भातच घडते. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते आणि खेड्यांच्या सेवेचा विचार सुरू झाला होता. मीराबेन वर्ध्यालगतच्या सिंदी या खेड्यात सफाईचे काम करू लागल्या. रोज रस्ता झाडायचा, घाण उचलायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच रस्ता पुन्हा तसाच. पुढे वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या सेगावला त्यांनी मुक्काम हलवला. जमनालाल बजाज यांची तेथे मालगुजारी होती. धड रस्ता नाही, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, साप-विंचू भरपूर, हिवताप घरोघरी. गावातली बहुसंख्य वस्ती अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची. भाषा मराठी, आणि बाईंचे हिंदीदेखील अजून अडखळते! अशा ठिकाणी ॲडमिरलची मुलगी झाडू घेऊन उभी राहिली.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला राहायला आले. त्यांचाही बेत खरे तर एकट्याने राहण्याचा होता! घर बांधायला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च नको, माल आणि माणसे गावचीच असावीत, अशी त्यांची अट होती. पण गांधीजी जेथे जात तेथे माणसे मागोमाग येत; पाहता पाहता आश्रम उभा राहिला. १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले, कारण टपाल चुकून शेगावला जाई. मीराबेन काही काळ थोड्या अंतरावरच्या वरोडा येथे झोपडी बांधून राहिल्या; पण हिवताप आणि विषमज्वराने त्यांना गाठले आणि परत सेगावला यावे लागले.

आपल्यापैकी पुष्कळांनी सेवाग्रामची बापूकुटी सहलीत पाहिली असेल. ती कुटी मुळात मीराबेनची होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांनी स्वतःसाठी ती उभी केली, पुढे बापू त्या घरात राहायला आले. माती, बांबू आणि कवेलूंचे ते घर. भिंतीवर मातीतूनच उठवलेली ताडासारखी उंच झाडे आणि चरखा आहे, तेही मीराबेनच्या हातचे. अकरावीत असताना मी ती भिंत पाहिली होती आणि पुढे निघून गेले होते. गावच्या घरी पावसाने ओघळलेली भिंत शेणामातीने लिंपताना मला ती एकदम आठवली. आजी एका हाताने सहज लिंपते. मी दोन्ही हातांनी लिंपले तरी पोपडे निघाले. भिंत लिंपणे ही कला आहे, आणि जिने पियानो शिकला होता तिने ती कला आपल्या खेड्यात येऊन शिकली!

आता माझ्या सतराव्या नव्हे, सहाव्या रात्रीविषयी. त्या रात्री मुसळधार पाऊस होता. वीज गेली. मध्यरात्री बांधीच्या बाजूने पाण्याचा वेगळा आवाज येऊ लागला. धुरा फुटला असावा, हे मला कळत होते. पण अंधार, रानडुकरांची भीती, सापाची भीती, आणि या भागात वाघ-बिबट्यांचीही वार्ता असतेच. मी उठले नाही. गोधडी डोक्यावर ओढून पहाटेची वाट पाहत राहिले. सकाळी जाऊन पाहते तो शेजारचे काका कुदळ घेऊन आधीच बांधीत उतरलेले. त्यांनी मातीची ढेकळे आणि गवत दाबून धुरा बुजवला होता. दीड बांधीचे पाणी मात्र निघून गेले होते. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्या दिवशी मी पुस्तक पुढे वाचले. मीराबेन १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींबरोबर पकडल्या गेल्या आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाल्या. तेथे महादेवभाई देसाई गेले, १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या. त्यांच्या अगदी जवळच मीराबेनने हे दोन मृत्यू पाहिले. त्याच वर्षी मे महिन्यात सुटका झाल्यावर त्यांनी ठरवले की आता आपले स्वतःचे काम. पन्नाशी उलटलेली बाई उत्तरेत गेली आणि हरिद्वार-रुडकीच्या पट्ट्यात त्यांनी किसान आश्रम उभा केला. त्यानंतर ऋषिकेशजवळ पशुलोक. म्हाताऱ्या, भाकड जनावरांना तेथे ठेवायचे. ती दूध देत नसली तरी शेण देतात, शेणाचे खत होते, खताने पडीक जमीन उठते, हा त्यामागचा हिशोब. आजीची गायही आता भाकड आहे, आणि आजीचा हिशोब अगदी हाच आहे. आजीने हे कोठे वाचलेले नाही.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तेव्हा मीराबेन पशुलोकातच होत्या. सारा देश दिल्लीकडे धावला. त्या गेल्या नाहीत. आपल्या जागीच राहिल्या. ज्या माणसासाठी घरदार, देश, भाषा सोडली, त्याच्या अंत्यदर्शनालाही जायचे नाही, हे बळ कोठून आले असेल? मला वाटते, अंगावर घेतलेली जनावरे आणि जमीन यांचे रोजचे काम माणसाला दुःखातही उभे ठेवते.

येथे एक गोष्ट लपवू नये. मीराबेनही माणूस होत्या. पृथ्वीसिंह या क्रांतिकारकाविषयी त्यांच्या मनात प्रेम निर्माण झाले होते आणि लग्नाचा विचारही आला होता. गांधीजींचा त्याला विरोध नव्हता. पण समोरून होकार आला नाही. एकटे राहणे हे त्यांनी नेहमीच आनंदाने निवडलेले व्रत नव्हते. काही वेळा ते वाट्याला आलेले होते. हे वाचल्यावर त्या मला अधिकच जवळच्या वाटल्या.

१९५२ मध्ये त्या आणखी वर, गढवालमध्ये भिलंगना नदीच्या खोऱ्यात गेल्या आणि तेथे गोपाळ आश्रम उभा केला. पुढे काश्मीरमध्ये पहाडी गाईंची जात सुधारावी म्हणून इंग्लंडहून डेक्स्टर जातीची जनावरे आणवली. प्रत्येक ठिकाणी तोच क्रम : जागा शोधणे, घर बांधणे, पाणी आणणे, गोठा उभारणे, आणि मग आजारपण, पैशाची ओढाताण, सरकारी कागदांचा विलंब, आणि शेवटी निरोप. एकही वसाहत त्यांच्या मनासारखी शेवटास गेली नाही. मग हे जीवन अयशस्वी म्हणायचे काय?

मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. गढवालच्या मुक्कामात मीराबेनना एक गोष्ट दिसली. डोंगरांवरची बांज, म्हणजे ओकची जुनी वने कमी होत होती आणि त्यांच्या जागी चीड पसरत होते. बांजाचा पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतो, त्याखाली झुडपे-गवत वाढते, झरे वाहते राहतात, गुरांना चारा मिळतो. चिडाच्या सुया कोरड्या, निसरड्या. पाणी सरळ खाली धावते आणि गंगेला पूर येतात. हिमालयात काहीतरी बिघडते आहे, असे त्यांनी त्याच काळात लिहून ठेवले. चिपको आंदोलन झाले १९७३ साली, म्हणजे त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी! हे ज्ञान त्यांना दौऱ्यावर येऊन, गाडीतून उतरून मिळाले नाही. एका जागी राहून, स्वतःच्या गाईसाठी चारा आणि स्वतःच्या घड्यासाठी पाणी शोधणाऱ्यालाच ते दिसते. त्यांच्या झोपड्या मोडल्या असतील. पण त्या झोपडीच्या दारातून जे दिसले ते राहिले.

१९५९ साली मीराबेनने भारत सोडला. शेवटची वर्षे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या वनप्रदेशात, पुन्हा बेथोव्हेनच्या संगतीत गेली. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ रोजी, वयाच्या नव्वदीला पोहोचता पोहोचता, त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा हिमालयात आणली गेली.

सातव्या दिवसापासून माझे दिवस बदलले. मी पहाटे उठून आधी धुऱ्यावरून फेरी मारू लागले. गाईला माझा हात ओळखीचा झाला. आधी ती दावे ओढून मान फिरवायची, आता हंबरू लागली. सांदवाडीतल्या दोडक्याच्या वेलावर पहिले दोडके धरले तेव्हा मी ते तीनदा जाऊन पाहिले. आणि मुख्य म्हणजे मी संध्याकाळी काकांच्या अंगणात जाऊन बसू लागले. एकटीने राहायचे तर चार घरांशी बोलून राहावे लागते, हे आजी नेहमी सांगायची. धुरा फुटल्यावर मला ते पटले. आमच्या भागातच १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. घर सुटलेल्या माणसांनी परक्या मातीत पुन्हा घर केले. मी लहानपणापासून ती वसाहत पाहत आले, पण त्यामागे किती रात्री जागवल्या गेल्या असतील, याचा विचार त्या सतरा दिवसांत प्रथम केला.

आता खरे कारण सांगते. दसऱ्याला घरी बैठक होती. जमीन ठेक्याने द्यायची, गाय कोणाला तरी द्यायची आणि आजीला कायमचे नागपूरला न्यायचे, असा वडिलांचा विचार होता. त्यात त्यांची काळजीच होती, आणि मीही पूर्वी त्यांच्याच बाजूची होते. त्या दिवशी मात्र मी प्रथमच वडिलांसमोर वेगळे बोलले. आजीला तेथे काय त्रास होतो तेही सांगितले, कारण तो मी भोगला होता. आणि तेथून काढल्यावर तिच्यापाशी काय उरणार नाही, तेही सांगितले. वडील बराच वेळ गप्प राहिले. शेवटी एक वर्ष थांबायचे ठरले. एकच वर्ष. आजीचा डोळा आता चांगला आहे. धानाची कापणी तिने स्वतः उभी राहून करून घेतली. पुढच्या दसऱ्याला काय होईल ते मी आज सांगू शकत नाही.

सुट्टीत मी पुन्हा सेवाग्रामला जाणार आहे. या वेळी आजीला बरोबर नेईन. मातीच्या त्या भिंतीपुढे तिला उभे करीन आणि विचारीन, लिंपण कसे काय जमले आहे? आजीचे मत कडक असते. पण मीराबेनला ते ऐकायला आवडले असते, अशी माझी खात्री आहे.